करामातल्या जिन्यावरचं पाणी

टॅक्सी सकाळीच खाली येऊन उभी राहिली. मी ह्यांच्या हातावर दही ठेवलं, देवापुढे उभं केलं, पासपोर्ट घेतलात का हे पुन्हा पुन्हा विचारून त्यांचं डोकं उठवलं. नेहा शाळेच्या गणवेशात होती. "बाय बाबा, टेक केअर," असं तिने म्हटलं ते बाबा शारजाला मीटिंगला चालल्यासारखं. बाबा चालले होते इराकला. हे एका केटरिंग कंपनीत शेफ होते आणि तिथल्या परदेशी लष्कराच्या तळावरची मेस चालवायचं काम त्यांच्या कंपनीला मिळालं होतं. दुबईतलं काम बंद झालेलं. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसा, आणि व्हिसाबरोबर आम्ही तिघंही.

हे बॅग घेऊन जिना उतरायला लागले, तोच समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. उम्म यासिर बाहेर आली. इराकी बाई, नवरा औषधांच्या दुकानात कामाला, थोरला मुलगा यासिर म्हणून तिला सगळे 'यासिरची आई' म्हणायचे. तिच्या हातात पाण्याने भरलेला जग होता. तो तिने ह्यांच्या पाठीमागे पायऱ्यांवर धाडकन ओतला आणि माझ्याकडे बघून गोड हसली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्याकडे माणसाच्या मागे पाणी कधी सांडतात हे तुम्हा चिपळूणकरांना मी सांगायला नको. स्मशानात मडकं खांद्यावर घेऊन फिरणारा माणूसच डोळ्यांपुढे आला. आणि ही बया हसते आहे! भांडायचं तर भाषा कुठली वापरायची तेही कळेना. मी तिच्या तोंडावर दार आपटलं आणि आत येऊन रडले. ह्यांना काहीच कळलं नव्हतं. ते पाय घसरू नये म्हणून कठड्याला धरून खाली उतरत होते.

हे सगळं आज लिहिते आहे ते तुम्हा चिपळूणच्या घरच्यांसाठी, आणि मस्कत, दोहा, न्यू जर्सीला पांगलेल्या आपल्या सगळ्या भावंडांसाठीही. 'तुम्ही तिथे इतकी वर्षं का राहिलात' हा प्रश्न प्रत्येक लग्नात येतो आणि मी प्रत्येक वेळी 'नेहाची शाळा' असं थातुरमातुर उत्तर देते.

खरं तर मला यायचंच नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यांच्यामागून दुबईला आले तेव्हा सांताक्रूझच्या विमानतळावर आईने माझ्या पर्समध्ये मेतकूटाची पुडी कोंबली आणि म्हणाली, "कुठेही राहा, पण कुणाशी तरी बोलत राहा गो. तुझं तोंड बंद झालं की तू आजारी पडतेस." करामा या आमच्या वस्तीत बोलायला माणसांची वानवा नव्हती. खाली मल्याळी सुपरमार्केट, कोपऱ्यावर उडप्याचं हॉटेल, तिसऱ्या मजल्यावर पुण्याचे बापट, गणपतीला शंभर चपला दाराबाहेर. टोमॅटो दिरहममध्ये घ्यायचे आणि मनात रुपये करून हळहळायचं, ही खोड पहिल्या वर्षभरात गेली. वाळूचं वादळ आलं की खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबायचे, हेही शिकले. मला ते शहर आवडायला लागलं होतं, हे मात्र पत्रात कधी लिहिलं नाही, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं.

पण ह्यांच्या जाण्यानंतर मी खरंच बोलायची बंद झाले. समोरच्या दाराची चाहूल लागली की मी जिन्यात जायची नाही. कचऱ्याची पिशवीसुद्धा ती आत गेल्याची खात्री करून बाहेर ठेवायची. तिने एकदा खजुराची बिस्किटं पाठवली. मी नेहाला म्हटलं, "नेऊन दे परत." नेहा म्हणाली, "आई, दॅट्स सो रूड," आणि दारातच उभं राहून दोन खाल्ली.

ह्यांचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. तळावर फोनची रांग असायची, मागे लोक "यल्ला, यल्ला" करत घाई लावायचे. हे सांगायचे ते सगळं जेवणाचं. इतकी अंडी, इतके बटाटे, सैनिक म्हणजे विशीतली पोरं, तिखट चालत नाही, पण एकाने बटाट्याची भाजी चाखली आणि आता रोज मागतो. मी विचारायची, "आवाज कसला येतोय?" ते म्हणायचे, "जनरेटरचा." मला ह्यांचा जनरेटर कुठला आणि खोटं कुठलं हे लग्नापासून ओळखता येतं.

एका शुक्रवारी दुपारी भावजींचा चिपळूणहून फोन आला, की टीव्हीवर दाखवतायत, कुठल्याशा मिलिशियाने इराकमधल्या तळावर तोफगोळे टाकले. कुठला तळ? त्यांना नाव सांगता येईना. आमच्याकडच्या वाहिन्यांवर क्रिकेट आणि मालिका. नेहाने माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता समोरचं दार वाजवलं आणि मला हाताला धरून आत नेलं. तिला शाळेत अरबी सक्तीची होती. ज्या विषयाचे मार्क बघून मी तिला बोलायची, तो त्या दिवशी कामाला आला.

आत अरबी वाहिनी चालूच होती. धूर, पळणारी माणसं, आणि खाली सरकणारी अक्षरं. नेहाने तिला ह्यांच्या तळाचं नाव सांगितलं; उम्म यासिरने ती अक्षरं वाचली आणि माझ्याकडे बघून होकारार्थी मान हलवली. ह्यांचाच तळ होता. गोळे जेवणाच्या तंबूवर पडले होते, असं नेहाने हळूच इंग्रजीत सांगितलं. मी मराठीत, हिंदीत, जे येईल त्या भाषेत त्या बाईवर ओरडले, "तुम ने पानी डाला! मेरे आदमी के पीछे पानी डाला!"

ती गोंधळली. नेहाने सांगितल्यावर तिचे डोळेच विस्फारले. मग तिने माझे दोन्ही हात धरले. "वॉटर, ही गो सेफ, ही कम बॅक. माय मदर डू, माय ग्रँडमदर डू. ऑल इराक डू. इन्शाल्ला कम बॅक, हबीबती."

त्यांच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसामागे पाणी ओततात ते तो सुखरूप परत यावा म्हणून. मी ज्या गोष्टीसाठी तिला इतके दिवस शिव्या घालत होते, तो तिने ह्यांना दिलेला आशीर्वाद होता. मला हसावं की रडावं कळेना. मी रडलेच, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. ते गोळे पडले तेव्हा कोठारात होते. बटाटे मोजत होते. त्या पोराबद्दल, भाजी मागणाऱ्या पोराबद्दल, मी विचारलं. मागे रांग आहे म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. आम्ही बातम्या बघत बसलो होतो तेवढ्यात माझ्या मोबाइलवर भावजी. आवाजात आनंद मावत नव्हता. "ऐकलंस का वहिनी? विमानांनी धुऊन काढलं त्यांना! तळाजवळचं अख्खं गाव! बरी अद्दल घडली!" भावजी, तुम्हाला दोष देत नाही. तुमचा भाऊ तिथे होता आणि तुम्ही रात्रभर जागे होता. पण त्याच वेळी माझ्यासमोर उम्म यासिर चमचा हातात धरून पडद्याकडे बघत होती. ते गाव तिच्या आईचं होतं. आई आणि धाकटा भाऊ तिथेच राहत होते.

"गुड न्यूज?" तिने माझ्या फोनकडे बघून विचारलं. मी नेहाकडे पाहिलं. नेहाने मान खाली घातली. मी फोन बंद केला आणि तिच्याजवळ सरकून बसले.

तिच्या गावाचे फोन बंद पडले होते. मग मी तेच केलं जे मला कळत होतं. सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे जाऊन बसायची. वरण-भात, लिंबू, वर तूप. तिला ते आजाऱ्याचं जेवण वाटायचं पण तेवढंच घशाखाली उतरायचं. कधी बोलायचो, कधी नाही. बापटकाकू मला जिन्यात म्हणाल्या, "अगं, आपल्या माणसांना त्यांच्यातलेच लोक मारतायत ना?" मी म्हटलं, "काकू, ही तर माझ्या घरासमोरची आहे." काकू चांगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या घेऊन त्याही आल्या.

शेवटी तिच्या भावाचा फोन आला, दुसऱ्याच गावाहून. दोघंही जिवंत होते. घर गेलं होतं. उम्म यासिर किंचाळली तेव्हा मला आधी वाईटच बातमी वाटली, मग ती नाचायलाच लागली आणि मीही नाचले. करामातल्या दोन जाड बायका, खालचे लोक वर बघायला आले.

हे परतले त्याच वर्षी. दारातच बॅग टाकून म्हणाले, "खलास. आता कुणी सोन्याचं ताट दिलं तरी जाणार नाही." पुढे त्यांनी एका मराठी माणसाबरोबर अजमानला लहानसं खानावळीचं काम सुरू केलं आणि ते आजही चालतं आहे.

त्याच सुमाराला उम्म यासिरने आईला जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे आणलं. म्हातारी वाळक्या खारकेएवढी, पण नजर करडी. हे तिला भेटायला तयार होईनात. "ज्यांनी तिचं घर पाडलं त्यांनाच मी जेवू घालत होतो. तिच्या समोर कुठल्या तोंडाने जाऊ?" शेवटी एका शुक्रवारी ती आपणहूनच आमच्याकडे आली, जेवायच्या वेळेला, काठी टेकत.

बसल्या बसल्या तिने ह्यांना विचारलं, आणि नेहाने सांगितलं, "बाबा, शी'ज आस्किंग, तुम्ही त्या तळावर होता का?"

हे म्हणाले, "हो. स्वयंपाक करत होतो."

"काय खायला घालत होतास त्या पोरांना?"

"अंडी. बटाटे. चिकन."

म्हातारीने ह्यांच्या हातांकडे पाहिलं. मग काहीतरी म्हणाली आणि नेहाने सांगितलं, "शी सेज, चांगलं केलंस. त्यांच्या आया लांब होत्या."

हे उठून आत गेले. मग भातवाढी घेऊन बाहेर आले आणि म्हातारीला स्वतःच्या हाताने वाढलं. बटाट्याची भाजी तिने दोनदा मागून घेतली.

आता आमचं बिऱ्हाडही अजमानला आहे, आणि इथल्या इमारतीतही समोरच्या दाराआड कोण राहतं हे तुम्हाला सांगायला हवं असं नाही. म्हातारीला जाऊन वर्षं झाली. तिचं घर त्या दिवशी पडलं ते पुन्हा कुणी बांधलं नाही. आपलं चिपळूणचं जुनं घर मात्र भक्कम उभं आहे, भावजी नव्या घरात राहूनही त्याला दर वर्षी रंग देतात, किल्ली माझ्याकडेही आहे. पण संध्याकाळी तिथे कुणी पान मांडत नाही, आणि इथे समोरच्यांसाठी रोज एक पान जास्त मांडावं लागतं.