अडकलेला सा

कोकणातल्या आमच्या वाडीच्या नमन-खेळ्यांच्या मंडळात बारा वर्षे पेटी मी वाजवली. मग शेजारचा मित्र पुण्यातली नोकरी घरून करू लागला आणि वाडीत परतला. तालमीला त्याने मिडी कीबोर्ड आणि लॅपटॉप आणला. दोहोंच्या मधे त्याने पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेली छोटी स्क्रिप्ट होती. कीबोर्डमधून आवाज निघत नसे. कुठली पट्टी दाबली, कुठली सोडली, एवढाच निरोप निघे. स्क्रिप्ट तो वाटून देई. डावीकडच्या पट्ट्यांचा निरोप तानपुऱ्याच्या प्रोग्रामला, उजवीकडच्यांचा पेटीच्या. पायाखालचे बटण दाबले की सगळे अर्ध्या स्वराने वर जाई.

आमचे गाणारे बुवा सत्तरीचे. गौळण रंगली की गाता गाताच बोट वर करतात आणि सूर चढवतात. त्या क्षणी माझी बोटे अडखळत. मित्राची अडखळली नाहीत.

"तुजी पेटी आता माल्यावर टाक रे," बुवा मला म्हणाले. मंडळी हसली. मीही हसलो.

स्क्रिप्ट मित्राने माझ्याकडे तपासायला पाठवली. "पेपरात प्रुफं तपासताना रोज लोकांच्या चुका काढतोस, माझ्याही काढ."

पायथॉन मलाही थोडे येत होते; दहा मिनिटांत चूक सापडली. सा दाबलेला असताना बटण दाबले, तर तो सोडल्याचा निरोप नव्या, चढ्या स्वराच्या नावाने जाणार होता. जुना सा वाजतच राहणार होता. तालमीत हे घडले नव्हते, कारण तो आधी हात उचलून मग बटण दाबत असे.

"ठीक आहे," मी कळवले. चारचौघांत त्याची फजिती व्हावी, असे मला वाटत होते.

रविवारी दुपारी शहरातल्या सभागृहात स्पर्धा होती. गौळणीत बुवांनी बोट वर केले. घाईत मित्राचा हात ‘सा’च्या पट्टीवरच राहिला आणि बटण दाबले गेले. नव्या सुरासोबत जुना सा वाजू लागला, थांबेना. बुवांनी दोनदा सूर शोधला, मग गाणे थांबवले. मित्राने लॅपटॉप मिटला.

विंगेत बुवा खाली बसले. "माज्या गल्याचा आता भरवसा नाय. शिमग्याला दुसरा कोन तरी बघा."

"बुवा, चूक माझी," मित्र लगेच म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, की मला त्याचाही हेवा वाटला.

"तू माजी समजूत घालतोस," बुवा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी मित्राला सांगितले की चूक मला आठवडाभर माहीत होती. "मला काय सांगतोस? बुवांना सांग."

सोमवारी सकाळी मी बुवांच्या पडवीत बसून सगळे सांगितले. 'ठीक आहे' म्हटल्याचेही.

"म्हंजे माजा सूर लागला होता?"

"लागला होता."

"मग शिमग्याला मी गातो," बुवा म्हणाले. पेटीवर कोण बसणार, ते बोलले नाहीत. मला विचारायचे धाडस झाले नाही.