सरळ नाकाचे आजोबा

आता माझी अक्कल चारचौघांत कशी निघाली ते ऐकाच. चहा गार झाला तरी चालेल.

डिलाईल रोडच्या एका चाळीत माझी मीनल राहते. 'माझी' हे सध्या फक्त आम्हा दोघांना मान्य. तिचे बाबा, तावडेकाका, यांच्या मते कॉम्प्युटरवर मूर्त्या करणं हा काही कामधंदा नाही. तेवढ्यात त्यांच्या वडिलांचा अर्धपुतळा चाळीच्या व्यायामशाळेत बसवायचं ठरलं आणि मी पुढे सरसावलो.

"काका, मी थ्रीडी प्रिंट करून देतो."

"बघू. जमलं, तर पुढचंही बोलू."

पुढचं म्हणजे काय, कळलं ना?

आजोबा जुने कबड्डीवाले. नाक चांगलं उजवीकडे वाकलेलं, कारण सख्ख्या चुलतभावाने, समोरच्या खोलीतल्या राघोने, मैदानात गुडघा घालून ते मोडलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद, ते आजतागायत. तावड्यांना त्या वाकड्या नाकाचा कोण अभिमान! मीही फोटो बघून ते जीव ओतून घडवलं.

आता अशी डिजिटल मूर्ती लाखो बारीक तुकड्यांची असते. प्रिंटला देण्याआधी मी तिच्यावर मोजक्या चौकोनांची सुटसुटीत जाळी विणतो. त्या जाळीला म्हणायचं टोपॉलॉजी, आणि ती नव्याने विणण्याला रिटोपॉलॉजी. हाताने विणायला बसलं की मान मोडते. पण मी पडलो हुशार. ऑटोमॅटिकचं बटण दाबलं आणि वडापाव आणायला गेलो.

बटणाशेजारी 'सिमेट्री' चालूच राहिली होती. म्हणजे मशीनने अर्धा चेहरा घेतला आणि त्याचीच आरशातली नक्कल दुसऱ्या बाजूला चिकटवली. परत येऊन बघतो तर जाळी इतकी देखणी, की दोन मित्रांना स्क्रीनशॉट धाडले. त्यांनीही वा वा केली. आमच्या धंद्यात चेहरा बघतो कोण? सगळे जाळी बघतात.

अनावरणाला अख्खी चाळ हजर. राघो केव्हाच वारलेला, पण त्याची मंडळीसुद्धा गॅलरीतून डोकावत होती. काकांनी कापड ओढलं. मीनलची आजी काठी टेकत जवळ गेली, निरखून बघितलं.

"अगो बाय, ह्यो तर राघो. माझ्या घोवाचा नाक खंय गेला?"

चुलतभाऊच ते. चेहरेपट्टी एकच, फरक काय तो नाकाचा, आणि सिमेट्रीने नेमकं तेच सरळ केलेलं!

काका माझ्याकडे वळले. "ज्याने नाक मोडलं, त्यालाच हार घालायला बोलावलंस होय रे आम्हाला?"

मला त्या क्षणी काय सुचावं? म्हटलं, "काका, टोपॉलॉजी मात्र एकदम क्लीन आहे."

इतक्यात राघोचा मुलगा खाली आला. डोळ्यांत पाणी. "आमचे अण्णा अगदी जसेच्या तसे. आम्ही तर सांगितलंही नव्हतं हो." माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि पुतळा उचलून घरी घेऊन गेला.

तावडेकाकांनी नवीन पुतळा परळच्या मूर्तिकाराकडे टाकलाय. पुढचं बोलणं अर्थातच राहिलं. आता मी चाळीत शिरलो, की पोरं ओरडतात, "आले, राघोंचे जावई आले." खरं सांगतो, त्या घरात मान जावयाचाच मिळतो. चहा काय, पोहे काय, बसायला खुर्ची काय.

फक्त त्या घरात लग्नाची मुलगी नाही.