भोंग्यातली साळुंकी

आमच्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तेही ठरल्या वेळी नाही. म्हणून पाणी सोडण्याआधी मी ग्रामपंचायतीच्या ऑफिसातून माईकवर सांगते आणि गच्चीच्या कठड्यावरून बाहेर झुकलेला भोंगा ते गावभर पोचवतो. एप्रिलअखेर माझा आवाज घोगरा ऐकू यायला लागला. दोघीतिघींनी काढा सुचवला. शेवटी शिपाई शिडी लावून चढला आणि वरूनच म्हणाला, "मॅडम, घसा न्हाई बसला तुमचा. साळुंकी बसलीय."

भोंग्यात काड्या, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या आणि तीन उघडीवाघडी पिल्लं होती. मी माईक लावून पाहिला. मोठे पक्षी उडाले ते बराच वेळ फिरकलेच नाहीत, आणि उन्हाने भोंग्याचा पत्रा तापलेला. मी भोंग्याची वायर काढली. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न होता. निरोप व्हॉट्सॲपवर टाकायचे ठरवले.

पहिल्याच पाण्याला वरच्या आळीतल्या एक आजी ऑफिसात आल्या आणि रिकामा हंडा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "भोंगा का मुका केला गं?"

"मोबाईलवर टाकलं होतं, आजी."

"मोबाईल ल्योकाच्या खिशात, ल्योक रानात."

मी त्यांना गच्चीवर नेलं. त्यांनी कठड्यावरून वाकून नीट पाहिलं. "पाखरं वाढव. पन माझं पानी?"

त्यानंतर पाण्याच्या दिवशी मी स्वतः वरच्या आळीत जाऊन सांगू लागले. एरवी खिडकीतून भोंगा दिसायचा. दोन्ही पक्षी नाकतोडे आणायचे, जाताना पिल्लांची घाण चोचीत धरून बाहेर टाकायचे. नर कोणता, मादी कोणती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कामं दोघंही सारखीच करत होती.

भोंग्याला कोणी उलट विचारू शकत नाही. मला मात्र दारादारात विचारायचे. त्यातूनच कळलं, की खालच्या आळीचे नळ बंद होईपर्यंत वर थेंब चढत नाही, आणि तोवर पाण्याची वेळ संपत आलेली असते. इतकी वर्षं मी माईकवर "सर्वांनी पाणी भरून घ्यावे" म्हणत होते.

पुढच्या खेपेला वरच्या आळीचा व्हॉल्व्ह आधी उघडायला लावला आणि तिथेच उभी राहिले. आजींच्या नळाला पाण्याची चांगली धार लागली होती, तेवढ्यात शिपायाचा फोन आला. तिन्ही पिल्लं उडाली होती.

"आजचा दिवस थांब, एखादं परत येईल," मी म्हटलं, "आणि उद्या भोंग्याच्या तोंडाला जाळी बसव."