दोन वेण्यांची कानपिळी

माझ्या धाकट्या बहिणीने माझ्या नवऱ्याला अठरा वर्षांत एकदाही 'दाजी' म्हटलं नाही. 'सर' म्हणते. हे लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात, तिथली पोरं सर म्हणतात ते ठीक आहे. पण सख्ख्या मेहुणीने? "सर, चहा घ्या." "सर आले का, अक्का?" ह्यांना काही वाटत नाही म्हणे. मला वाटतं. कारण त्या 'सर'ला मीच कारण आहे.

आम्ही उमरीच्या दोघी बहिणी. भाऊ नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि लग्नात तिला एकच काम हवं होतं: कानपिळी. लाह्यांचा होम झाला की नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. त्याबद्दल नवऱ्याकडून त्याला मानाचा पोशाख मिळतो. ही बया आठ दिवस आधीपासून आमच्या बाबांच्या कानावर सराव करत होती. बाबा पेपर वाचत बसायचे, ही मागून यायची. बाबांचा डावा कान लग्नापर्यंत टोमॅटो झाला होता.

लग्नात होम झाला, तशी ती बाह्या सावरून आली. परकर-पोलकं, दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी. तेवढ्यात आमचे थोरले काका म्हणाले, "पोरगी कुठं कान पिळती का? रेणापूरच्या पोराला बोलवा." रेणापूरचा म्हणजे आमचा चुलतभाऊ. जन्मात दोनदा पाहिलेला. बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं होतं. आणि मी बोलले. डोक्याला मुंडावळ्या, डोळ्यांत धूर, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. "गप बस ना गं. तू काय भाऊ हाईस का?"

तिने हात खाली घेतले. चुलतभावाने दोन बोटांनी कानाला हात लावल्यासारखं केलं आणि पोशाख काखेत मारून पंगतीला पळाला. तेव्हापासून 'सर'.

आता ती एसटीत कंडक्टर आहे. उभी राहिली की गाडीत कोणी आवाज काढत नाही. आई तिच्याजवळच असते. यंदा धोंड्याचा महिना आला आणि तिचा फोन आला, "अक्का, आई म्हणून राहिली जावयाला वाण द्यायचंय. सरांना घेऊन ये." मी म्हटलं, बस्स. आता हे मिटवायचं.

पण मिटवायचं कसं? तोंडाने मला नीट बोलता येत नाही, आवाज आपोआप चढतो. मग आठवलं, नांदेडच्या प्रदर्शनात एक कारागीर बसला होता. आदिलाबादकडचा. मेणाच्या सुतळीएवढ्या वळ्या करून त्यांची माणसं बनवायची, वरून माती लिंपायची, भाजताना मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. एका साच्यातून एकच मूर्ती, कारण ती काढायला साचा फोडावाच लागतो. त्याच्या मूर्तींत अंतरपाट होता, डोली होती, सनईवाले होते. कानपिळी नव्हती. त्याचा नंबर मी घेऊन ठेवला होताच. फोनवर तीनदा सांगितलं: पाटावर नवरा, आणि त्याचा कान पिळणारी मुलगी. दोन वेण्या. मुलगी, बरं का!

धोंड्याच्या वाणाला निघालो त्या सकाळी मूर्ती घ्यायला नांदेडला उतरून त्याच्या दुकानात गेलो. त्याने कागद सोडला आणि माझं डोकंच फिरलं. नवरा झकास होता. कान पिळला गेल्यावर तोंड जसं वाकडं होतं तसं हुबेहूब. पण पिळणारा? धोतर, टोपी, वर झुपकेदार मिशी!

"ओ मामा! मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं, बाई. पण मला वाटलं तुम्ही चुकून बोलून राहिल्या. कान तर भाऊच पिळतो ना? मीच सुधारून घेतलं."

सुधारून घेतलं! मी त्याची चांगली हजामत करणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण हा बापडा जे बोलला तेच मी बोलले होते, आणि तेही बारा वर्षांच्या पोरीला, भर मांडवात. मी खुर्चीवर बसले. हे म्हणाले, "काय झालं? पाणी देऊ का?" मी म्हटलं, "काही नाही. वेण्या लावता येतील का विचारा."

नवी ओतायला वेळ नव्हता. धोंड्याचा महिना चार दिवसांत संपत होता आणि बहिणीला आजचीच सुट्टी होती. त्याने शेजारच्या भांडी जोडणाऱ्याकडून गॅसची बत्ती आणली, पितळी तारेला पीळ घालून दोन वेण्या केल्या आणि टोपीखाली डाख देऊन जोडल्या. मिशी कानशीने घासून काढली. धोतर आणि टोपी राहिलीच. वेण्या दोन्ही बाजूंना तिरप्या उभ्या. ओठांच्या वर घासल्याचा चकचकीत डाग. भाऊ म्हणावा तर वेण्या, बहीण म्हणावी तर टोपी. उमरीपर्यंत ते ध्यान मांडीवर घेऊन बसले आणि वाटेत दहा वेळा वाटलं, राहू दे, पिशवीतून काढायलाच नको.

घरी पाट मांडला होता. आईने ह्यांना कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली, टोपी स्वतःच्या हाताने डोक्यावर घातली. पुरणाचे धोंडे ताटात पडायच्या आधी मी मूर्ती बहिणीच्या हातात दिली. म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे.

तिने फिरवून फिरवून पाहिली. वेण्यांवरून बोट फिरवलं. मग ओठांवरच्या डागावर थांबली. "हिची मिशी कुणी काढली, अक्का?" आणि अशी हसली की आई आतून डाव घेऊन धावत आली.

मग हसू थांबलं. मूर्ती तशीच हातात धरून ती म्हणाली, "बाबा गेले तेव्हा त्याच थोरल्या काकांनी मला मडकं धर म्हटलं. रेणापूरचा यायला उशीर होऊन राहिला होता. तेव्हा नाही कुणी म्हटलं, तू काय भाऊ हाईस का." ती रडत नव्हती. तिकिटाचे सुटे मागावेत तशा आवाजात बोलली. मला मात्र धाय मोकलून रडू आलं. "चुकलं माझं," मी म्हटलं. "बाई गं, लई चुकलं. तवाच म्हणायला पाहिजे होतं, हीच पिळंल."

मग पाटावरून हे म्हणाले, "कान इथंच आहे. अठरा वर्षं जपून ठेवलाय."

तिने मूर्ती खाली ठेवली. बाह्या सावरल्या. आणि असा पिळला, असा पिळला की चष्मा ताटात पडला आणि हे 'आई गं!' करून ओरडले. आई म्हणाली, "अगं, जावई हाय तो! वाणाला बोलावलंय!" पण तीही तोंडाला पदर लावून हसत होती.

ह्यांनी कान चोळत डोक्यावरची नवीकोरी टोपी काढली आणि बहिणीच्या डोक्यावर ठेवली. "घे. मानाचा पोशाख. बाकीचा लातूरहून पाठवतो."

टोपी तिच्या कपाळावर आली. खालून वेणी लोंबत होती. तिने टोपी काढली नाही. तशीच वाढायला उभी राहिली, तुपाची वाटी एका हातात, धोंड्यांचं पातेलं दुसऱ्या हातात. जेवण संपत आलं तेव्हा शेवटच्या फेरीला माझ्या ताटात दोन टाकले, आईच्या ताटात एक, आणि मग ह्यांच्यासमोर वाकली.

"घ्या ना अजून, दाजी. लाजता काय?"

ह्यांचं पोट केव्हाच भरलं होतं, मला माहीत आहे. मुकाट्याने आणखी तीन खाल्ले.