दोन वर्षांची शिक्षा

माझ्या आत्याचे यजमान परदेशी होते, ही गोष्ट आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हती. खुद्द त्यांनाही नव्हती.

आतोबा गोव्याचे, फोंड्याकडचे. देवळातली पूजा मुलाच्या हाती सोपवून ते आत्याला घेऊन काशीस आले, अमृतराव घाटावरच्या आमच्या घरात माडीवरच्या खोलीत राहिले आणि उतारवयात एका पंडितजींकडे न्यायशास्त्र शिकू लागले. (वाद घालायची हौस त्यांना जन्माचीच होती. आत्या म्हणायची, "आता निदान बाहेर जाऊन भांडतात.") पण तेव्हा जर्मनांशी लढाई चालू होती आणि इंग्रज सरकारला एकाएकी आपल्या राज्यातले परके मोजायची लहर आली. गोव्यात राज्य पोर्तुगालचं, तेव्हा आतोबा परके ठरले. एक शिपाई घरी येऊन वर्षभराचा परवाना देऊन गेला. आतोबांनी तो पोथीत खुणेला ठेवला.

वर्ष सरत आलं तशी नोटीस आली. मुदत वाढवायची तर जातीनं यावं, नाहीतर पुढच्या सोमवारच्या आत बनारस सोडावं.

"काशी सोडू?" आतोबा म्हणाले. "अरे, मी क्षेत्रसंन्यास घेतलाय."

क्षेत्रसंन्यास म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही, असं व्रत. एक पाऊल बाहेर पडलं की आजवरचं सगळं पाण्यात.

"सोडायची कशाला?" मी म्हणालो. "कचहरीत जाऊन एक दस्तखत करायचं, बस. मी नेतो ना इक्क्यातून."

"कचेरी आहे कुठे?"

"वरुणेच्या पलीकडे," मी म्हणालो, आणि माझं मलाच चपापल्यासारखं झालं. काशीची हद्द एका अंगाला असी नदी, दुसऱ्या अंगाला वरुणा. म्हणजे काशीत राहायची परवानगी घ्यायला काशीबाहेर जायचं, आणि एकदा बाहेर गेलं की आत राहण्यात काही अर्थच उरत नव्हता.

वडील भिक्षुकी करत. त्यांनी तोड काढली. काशीची हद्द पंचक्रोशीपर्यंत धरावी, कचेरी आपोआप आत येते. आतोबांनी लगेच न्यायशास्त्र बाहेर काढलं. तीन दिवस वाद चालला. चौथ्या दिवशी वडील थकून म्हणाले, "बरं, तुम्ही जिंकलात. पण आता राहणार कुठे?" तशी आत्याने डोळ्याला पदर लावला. "मी काही परत जायची नाही. आणि यांना एकट्यानं कसं जमणार? यांना साधं धोतर वाळत घालता येत नाही."

अशा वेळी घरात सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली, आणि मला ते फार आवडलं. मी एका शाळेत हिंदीचा मास्तर होतो. कचेरीतले लोक अर्जात शिक्षणाला 'तालीम' लिहीत, ते माझ्या कानाला खुपायचं. मी शुद्ध हिंदीत अर्ज लिहिला: 'प्रार्थी काशी में न्याय की शिक्षा हेतु आया है, जिसके दो वर्ष अभी शेष हैं।' वाक्य इतकं झोकात उतरलं होतं की मी ते आत्याला दोनदा वाचून दाखवलं. आत्या जन्माची बनारसी. ती म्हणाली, "बढिया." आतोबांची संध्या चालू होती. त्यांनी न वाचता, मौनातच, खाली सही केली.

अर्ज घेऊन मी एकटाच कचेरीत गेलो. तिथले मुन्शीजी टोपीखाली गंध लावणारे निघाले. व्रताचं ऐकताच त्यांनी हात जोडले. "हम तो रोज पाँच बजे पुल से ही घर जाते हैं। बाबा को कल पुल पर ले आइए। दो बातें पूछनी हैं, ठप्पा वहीं लगा देंगे।" मी घरी येऊन ही बातमी अशी सांगितली, जशी काही वरुणा मीच बाजूला सरकवली होती.

दुसऱ्या दिवशी इक्क्यात बसल्यावर मी आतोबांची तयारी करून घेतली. इथे एक सांगायला हवं. आम्ही पिढ्यानपिढ्या बनारसचे. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात हिंदी कुठून शिरते ते आम्हालाही कळत नाही.

"आतोबा, मुन्शीजी शिक्षेबद्दल विचारतील," मी म्हणालो. "घाबरायचं नाही."

"शिक्षेबद्दल? मला?"

"विदेशी माणूस म्हटला की शिक्षा बघतातच. तुम्ही नुसतं हो म्हणा. किती बाकी आहे, असं विचारलं तर सांगा, दोन वर्षं."

त्यानंतर आतोबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं जप चालू असेल.

पुलावर पोचताच त्यांनी माझ्याकडे खडू मागितला. (हिंदीच्या मास्तराच्या खिशात दुसरं काय असणार?) कठड्याचे खांब मोजून त्यांनी बरोबर मधोमध आडवी रेघ ओढली, म्हणाले, "इथपर्यंत काशी," आणि रेघेच्या अलीकडे काठी टेकून उभे राहिले. मुन्शीजी बगलेत फाईल मारून पलीकडून आले आणि रेघ बघून तिच्या पलीकडेच थांबले. मी मध्ये. त्यांनी फाईल उघडली, माझ्या अर्जावरून बोट फिरवलं, आणि माझ्याच शब्दात विचारलं.

"बाबा, आपकी शिक्षा कहाँ हुई?"

"नहीं हुआ," आतोबा म्हणाले. त्यांची हिंदी भाजीवालीपुरती. "हमारे घर में किसको भी शिक्षा नहीं हुआ. सात पीढ़ी में नहीं."

मुन्शीजींनी चष्म्यावरून पाहिलं. "सात पीढ़ी में किसी की नहीं? आपके पिताजी की भी?"

"पिताजी को शिक्षा देने का किसका हिम्मत था?"

"आतोबा, हो म्हणा ना," मी कुजबुजलो.

"काय म्हणून हो म्हणू?"

"अच्छा, यहाँ काशी में तो शिक्षा चल रही है?" मुन्शीजींनी बिचाऱ्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

"यहाँ भी होने नहीं देगा. हम सज्जन मनुष्य है."

मुन्शीजींनी फाईल मिटली. "मास्टर साहब, कागज कुछ कहता है, बाबा कुछ और। लड़ाई का जमाना है। यह तो ऊपर भेजना पड़ेगा।"

वर गेलेला कागद सोमवारच्या आत खाली येणार नव्हता. डोळ्यांपुढे आत्याचा पदर दिसू लागला. आणि तेव्हा मला आयुष्यातली सर्वांत मोठी अक्कल सुचली. मी म्हणालो, "मुन्शीजी, अर्ज बाबांच्याच हातात द्या. वाचतील म्हणजे समजेल."

आतोबांनी कागद लांब धरून, अक्षर अक्षर लावून वाचला. "न्याय की... शिक्षा... दो वर्ष... शेष." मग खाली आपली सही पाहिली.

"विनायका," ते अगदी हळू म्हणाले, "मला न्यायानं शिक्षा झाली, तिची दोन वर्षं अजून भोगायची आहेत, असं लिहिलंस? आणि वर माझीच सही घेतलीस?"

"अहो आतोबा, शिक्षा म्हणजे..."

काठी उचलली गेली. मी एक पाऊल मागे सरलो. ते एक पाऊल पुढे आले. मी आणखी मागे सरलो. माझ्या पाठीशी कचेरीची बाजू होती हे माझ्या ध्यानात राहिलं नाही, आणि रागाच्या भरात त्यांच्याही. मी रेघ ओलांडली. माझ्यापाठोपाठ आतोबांचा उजवा पाय उचलला गेला.

"बाबा, पाँव!" मुन्शीजींनी फाईल टाकून त्यांना दोन्ही हातांनी कवटाळलं. "पाँव पीछे!"

पाय रेघेच्या वर तसाच अधांतरी राहिला. आतोबांनी खाली पाहिलं, पाय सावकाश मागे घेतला आणि पुलावरच बसले. त्यांचे हात थरथरत होते. "गेलं होतं रे सगळं," ते म्हणाले. इतकी लाज मला ना त्याआधी कधी वाटली, ना त्यानंतर.

मी पलीकडूनच सांगितलं. "आतोबा, इकडे शिक्षा म्हणजे शिक्षण."

"आणि शिक्षेला काय म्हणतात?"

"सजा."

आतोबांनी कागद पुन्हा एकदा लांब धरून पाहिला. "मग तू मराठी बोलत होतास की हिंदी?"

मी मुन्शीजींना सगळा घोटाळा समजावला, तेव्हा त्यांची टोपी हसून हसून वरुणेत पडायची राहिली. "हमारे लड़के से पूछिए, उसके लिए दोनों एक ही चीज हैं।" मग गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी ठप्पा मारला. "जो आदमी एक पाँव के लिए इतना काँप जाए, वह जासूस क्या होगा? कागज में दो वर्ष लिखा है, तो दो वर्ष लीजिए।"

परतीच्या वाटेवर आतोबांनी जप खरोखरच केला. घराच्या दारात मात्र ते थांबले. "दोन वर्षं माझं शिक्षण," ते म्हणाले, "आणि दोन वर्षं तुझं. उद्यापासून."

दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी अमृतराव घाटाच्या पायरीवर माझं मराठी शुद्धलेखन सुरू झालं. स्नानाला आलेले माझेच विद्यार्थी थांबून बघायचे. पाटीवरचा पहिला शब्द रोज तोच, आणि खाली त्याचे दोन्ही अर्थ. चूक झाली की कान पिळला जाई, त्यामुळे दोन्ही अर्थ मला एकदमच पाठ झाले.

दोन वर्षांनी आतोबांच्या परवान्याची मुदत पुन्हा संपली. या खेपेला आत्याने अर्ज माझ्याकडून लिहून घेतला नाही. तो मुन्शीजींनीच लिहिला, 'तालीम' घालून, आणि ठप्पाही पुन्हा पुलावरच मारला. मुदत वाढली. माझी मात्र मी अर्ज न करताच वाढवण्यात आली.