पाकिटातलं पत्रक

“सोमवारी आणा, पण पाकीट फोडू नका,” असं चंद्रपूरचा नाण्यांचा व्यापारी म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. फोडायचं काऊन नाही? लपवण्यासारखं काय आहे?

मी मजूर संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता, वय चोवीस. तेंदूपत्ता मोजून घेतात त्या फडावर एकच धडा शिकलो होतो: ठेकेदाराचा मुनशी पानांच्या ज्या पुड्याला हात लावू देत नाही, तो चार लोकांसमोर सोडून मोजायचा.

धनराजभाऊ माजरीच्या खाणीत कोळसा भरणारे लोडर. दिल्लीत एशियाडचे खेळ भरले त्या वर्षी या व्यापाऱ्याकडून त्यांनी ‘प्रूफ सेट’ घेतला होता. म्हणजे टांकसाळीनं आरशासारखी चकचकीत पाडलेली, सीलबंद पाकिटातली चार नाणी, त्यातलं मोठं शंभर रुपयांचं. बाजारात चालवायची नाहीत, नुसती ठेवायची. भाव वाढतो म्हणे. आता मुलीला, नंदाला, नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. आठवड्यात फी भरायची होती. व्यापारी देत होता तेवढ्यात ती भागत होती.

“भाव बरोबर हाय का, एवढंच पाहून द्या,” भाऊ म्हणाले. “मले त्यातलं समजत नाई.”

समजत मलाही नव्हतं. शंभर रुपये लिहिलेल्या नाण्याचे शंभराहून जास्त कोण कशाला देईल? मी भाऊंना सोनाराकडे नेलं. चौघांसमोर पाकीट फाडलं. आतला घडीचा कागद खाली पडला, तो खिशात कोंबला. सोनारानं शंभराचं नाणं कसोटीच्या दगडावर घासलं.

“पक्की चांदी नाई. अर्धी चांदी, अर्धी मिलावट.”

“पाहा!” मी ओरडलो. दुसऱ्या दिवशी पत्रक तयार: ‘चांदी अर्धी, लूट पूर्ण!’ बाजारात वाटलं आणि सोमवारी भाऊंसह दुकानात घुसलो.

म्हातारा व्यापारी रागावला नाही. भिंगातून नाणं पाहिलं आणि खाली ठेवलं.

“घासलं कोणी?”

“मी घासून घेतलं! अर्धी चांदी निघाली!”

“सरकारनंच अर्धी टाकली, बाबू. पाकिटात कागद होता. वाचला नाई?”

खिशातून काढला. टांकसाळीचंच पत्रक होतं. वजन, धातू, चांदी शेकडा पन्नास. सगळं स्वच्छ छापलेलं.

“मग आता?”

“आता शंभराचे शंभर. बँकेत जा.”

“एका ओरखड्यानं?”

“ओरखडा, बोटं, फाटलं पाकीट. घेणारा न हाताळलेलंच मागते.”

मी भांडायला तोंड उघडलं, पण कोणाशी भांडायचं तेच कळेना. भाऊ नाण्याकडे पाहत होते.

“म्हंजे सरकारी नोटेले हात लावला तरी चालते,” ते हळूच म्हणाले, “अन् सरकारी नाण्याले नाई?”

व्यापाऱ्यानं नाणं भाऊंकडे सरकवलं.

नंदाचं वर्ष गेलं. भाऊंनी मला शिवी दिली नाही; न दिलेलीच जास्त लागली. “तू माह्यासाठीच भांडला ना,” एवढंच म्हणाले. वर्षभर सुट्टीच्या दिवशीही खाणीत उतरले. पुढच्या साली नंदा नर्सिंगला गेली.

व्यापाऱ्याची मी माफी मागितली. “तोंडी नको,” तो म्हणाला. “जेवढी पत्रकं वाटली तेवढीच माफीची छाप, त्याच बाजारात वाट.” वाटली. लोकांनी पहिल्याइतकी घेतली नाहीत.

नाण्यांचा हिशेब मला अजून कळलेला नाही. एक कळलं: पत्रक लिहिण्याआधी हातात पडलेलं पत्रक वाचावं.