मुशीच्या अंगावरची बुळबुळ आणि नायकोडी मॅडम

नायकोडी मॅडमांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या प्रयोगशाळेत थर्माकोलच्या पेटीवर वाकून मेलेल्या मुशीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी शिनोलीहून त्यांच्याकडे संशोधनासाठी आले होते. "आलीस? हात लाव हिला," एवढंच त्यांचं स्वागत. त्या छोट्या शार्कची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत होती आणि वर बुळबुळीचा अगदी पातळ थर होता. शार्कला जखम झाली तरी ती सहसा चिघळत नाही. त्याचं कारण या थरातल्या प्रथिनांत आहे का, हे मॅडमांना शोधायचं होतं; मला ते नीट कळलं मागाहून. डिंगोऱ्याच्या शेतकरी घरातल्या बाईंनी जुन्नरात बसून शार्कच्या मागे का लागावं, असं लोक विचारत. मॅडम म्हणत, "घाट उतरला का समुद्र. लई लांब न्हाई."

पुढची मुशी आली त्या दिवशी मॅडम बैठकीला गेल्या होत्या. नमुना घ्यायचं काम माझ्यावर आलं. आमच्या घरी डिंभे धरणातला मासा आला की मीठ चोळून, बुळबुळ जाईपर्यंत धुतल्याशिवाय त्याला विळी लागत नाही. नमुना स्वच्छ हवा, एवढंच माझ्या डोक्यात. मी मुशी लख्ख धुतली आणि मग कातडी खरवडली. प्रथिनं असली की तपासणीत निळे पट्टे उमटतात; इथे एकही उमटला नाही, तेव्हा धुण्यात बुळबुळच गेली हे माझ्या लक्षात आलं. आपल्याला घरी पाठवतील या भीतीनं मी गप्प राहिले.

मॅडमांनी तीन आठवडे रसायनं तपासली, यंत्र तपासलं, स्वतःच्या पद्धतीवर शंका घेतली. शेवटी 'काही आढळलं नाही' असा अहवाल लिहिला. प्रकल्पाची मुदतवाढ त्याच अहवालावर अवलंबून होती. त्यांनी तो सहीसाठी माझ्यापुढे ठेवला आणि मला रडू कोसळलं.

"मॅडम, मी मुशी धुतली व्हती. मिठानं."

"कितीदा?"

"तीनदा."

"माझी आई बी तशीच धुती," असं म्हणून त्यांनी अहवाल फाडला. "धुतलीस ते मी सांगितलं न्हाई म्हणून. पण तीन आठवडं गप बसलीस, ती तुझी चूक. परत असं करू नको. आता जेवून घे. उद्या घाट उतरायचाय."

प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीला त्यांनी 'नमुना आमच्या हातून धुतला गेला' असं स्वच्छ कळवलं. मुदतवाढ मिळाली नाही. मॅडम मात्र हटल्या नाहीत. सुट्ट्या टाकून आम्ही एसटीनं किनाऱ्यावर जाऊ लागलो. जाळ्यात आपसूक येऊन मेलेलीच मुशी त्या घेत. आपल्यासाठी एकही मारायची नाही, हा त्यांचा दंडक. एकदा कंडक्टर वैतागला, "म्याडम, डब्यात काय हाय? गाडीभर वास सुटलाय राव!"

"मुशी हाय. आता चावत न्हाई," मॅडम म्हणाल्या आणि दोन तिकिटं मागितली.

चौथ्या खेपेला ताजी मुशी मिळाली. बुळबुळ मॅडमांनी काचपट्टीनं अलगद निपटून घेतली. निळे पट्टे उमटले, तेव्हा आम्ही दोघींनी ते पुन्हा पुन्हा मोजले. शोधनिबंधात माझं नाव त्यांनी पहिलं घातलं आणि धुतलेल्या मुशीची हकिकतही मलाच लिहायला लावली. मला लाज वाटली, पण लिहिली. एका वार्ताहरानं औषध सापडलं का असं विचारलं, तर म्हणाल्या, "औषध-बिवषध काय न्हाई. प्रथिनं सापडली, तेवढंच लिहा."

ती प्रथिनं जंतूंना नेमकं कसं थोपवतात, हे अजून कळलेलं नाही. मॅडम पंचाहत्तरीतही काठी टेकत प्रयोगशाळेत येतात त्या त्यासाठीच. मॅडम, तुमच्या गुडघ्यांना बळ मिळो, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि उदंड आयुष्य लाभो. तुमचा प्रश्न सुटायचा आहे आणि आमच्या चुकाही संपलेल्या नाहीत. त्या न घाबरता येऊन सांगायला आम्हाला तुम्ही हव्या आहात.